सोनोग्राफीत खडा दिसला नाही, तरी सीटी स्कॅन कशासाठी?

अशोकचौककर

नमस्कार. आमचे घर सोलापुरात अशोक चौकाजवळ असून घरचे चार यंत्रमाग आहेत. माझा धाकटा भाऊ, वय ३४, उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये मागावर उभा असतो आणि पाणी पिण्याची त्याला आठवण करून द्यावी लागते. गेल्या मंगळवारी पहाटे त्याच्या उजव्या कुशीत अशी कळ आली की तो अंथरुणावर गडाबडा लोळू लागला. कळ कुशीतून जांघेत उतरत होती, दोन वेळा उलटी झाली आणि लघवी लालसर झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन कळ थांबवली आणि सोनोग्राफी करून आणायला सांगितली. रिपोर्टात लिहिले आहे ते असे : उजव्या किडनीला सौम्य सूज, मूत्रनलिकेचा वरचा भाग फुगलेला, मधला भाग आतड्यांतील वायूमुळे दिसू शकला नाही, खडा आढळला नाही. आता डॉक्टर साधा, म्हणजे डाय न देता, सीटी स्कॅन करायला सांगत आहेत.

घरात यावर दोन तट पडले आहेत. मेव्हणे म्हणतात, सोनोग्राफीत खडा नाही म्हणजे नाही, उगाच खर्च कशाला. वडिलांचा खडा १९८९ साली शिरेतून औषध देऊन काढलेल्या ‘रंगाच्या एक्स-रे’त सापडला होता, त्यामुळे त्यांना तोच एक्स-रे हवा आहे. त्या फिल्म त्यांनी अजून ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत.

याच सुमारास धाकट्या बहिणीचाही प्रश्न निघाला आहे. लग्नाला तीन वर्षे झाली, मूल नाही, म्हणून तिला ‘नळ्यांचा फोटो’, म्हणजे गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या बीजनलिकांचा एक्स-रे, सांगितला आहे. वडिलांच्या गोष्टी ऐकून तिने धसका घेतला आहे. शिवाय सोनोग्राफीच्या वेळी तिला आधी लघवी भरून यायला सांगितले आणि अर्ध्या तासाने तिथल्याच बाईंनी रिकामी करून यायला सांगितले, त्यामुळे इथल्या लोकांनाच काही कळते की नाही, अशी शंका तिच्या मनात बसली आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

काळी फिल्म

मी क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. तुमच्या वडिलांसारख्या शेकडो लोकांचे ते रंगाचे एक्स-रे मी काढले आहेत, तेव्हा आधी त्याविषयी लिहितो.

त्या तपासणीला आम्ही आयव्हीपी म्हणत असू. आदल्या रात्री जुलाब देऊन पोट साफ करायचे, सकाळी उपाशीपोटी आयोडीनयुक्त औषध शिरेतून द्यायचे आणि ते किडनीतून लघवीवाटे उतरत असताना पाच, दहा, पंधरा मिनिटांनी फोटो घेत जायचे, शेवटचा फोटो लघवी करून आल्यावर. ज्या बाजूला अडथळा असे ती किडनी औषध सोडायलाच तयार नसे, मग तासा-दोन तासांनी आणि कधी थेट संध्याकाळी रोग्याला परत बोलवावे लागे. डार्करूममध्ये ओली फिल्म लाल दिव्यासमोर धरली की पांढरी रेघ खाली उतरत उतरत एका जागी थबकलेली दिसायची. ती जागा म्हणजे खडा. हे पाहण्यात मोठे समाधान असे, हे मी नाकारत नाही, पण रोग्याचा अख्खा दिवस जाई, औषधाची ॲलर्जी होण्याचा धोका असे आणि रक्तातले क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी कमजोर झालेल्या माणसाला ते औषध देताना आमच्या छातीत धडधडत असे.

इंजेक्शन न देता काढलेल्या साध्या एक्स-रेचीही अडचण आहे. कॅल्शियमचे खडे त्यात पांढरे उमटतात आणि बहुतेक खडे त्याच जातीचे असतात हे खरे, परंतु युरिक ॲसिडचा खडा त्यात मुळीच दिसत नाही. उलट, ओटीपोटातील शिरांमध्ये वयोमानाने जे बारीक चुन्याचे मणी तयार होतात ते हुबेहूब खड्यासारखे दिसतात आणि चांगल्या जाणत्या माणसालाही फसवतात. साध्या सीटीत युरिक ॲसिडचाही खडा दिसतो, इंजेक्शन लागत नाही, आणि टेबलावर जेमतेम काही मिनिटे झोपावे लागते. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि ट्रंकेतल्या फिल्म भावाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. घरात खड्याचा इतिहास आहे, ही माहिती त्यांच्या कामाची आहे.

भीमाकाठ

मी रेडिओलॉजिस्ट आहे. रुग्णाला न तपासता निदान करणे योग्य नाही, म्हणून केवळ रिपोर्टातील शब्दांचा अर्थ सांगतो.

‘खडा आढळला नाही’ आणि ‘खडा नाही’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे, आणि तुमच्या रिपोर्टाने पहिलेच विधान केले आहे. सोनोग्राफीचे यंत्र ध्वनिलहरी आत पाठवते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र बनवते. किडनीतला खडा या लहरी अडवतो, म्हणून पडद्यावर एक चकचकीत ठिपका आणि त्याच्या मागे काळी सावली दिसते. पण वाटेत वायूने भरलेले आतडे आले की लहरी तिथूनच परत फिरतात आणि पलीकडे काय आहे ते कोणालाच दिसत नाही, मग यंत्र कितीही महाग असो. मूत्रनलिका जवळपास २५ सेंटिमीटर लांब असते. तिचा वरचा तोंडाकडचा भाग किडनीच्या आडोशाने आणि अगदी खालचा भाग भरलेल्या मूत्राशयातून पाहता येतो. मधला पट्टा मात्र आतड्यांच्या मागे दडतो. खडा अडकण्याच्या नेहमीच्या अरुंद जागा तीन : किडनीतून नलिका निघते ती, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या ती ओलांडते ती आणि मूत्राशयात शिरते ती. यांतली दुसरी नेमकी त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात येते. वर सूज, वरची नलिका फुगलेली आणि मधला भाग अदृश्य, एवढे वाचल्यावर कोणत्याही डॉक्टराला तिथेच संशय येणार.

खालच्या टोकाशी खडा असल्याचा संशय असेल तर आम्ही रंगीत डॉप्लर, म्हणजे वाहता द्रव रंगात दाखवणारी सोनोग्राफी, लावून मूत्राशयात पाहतो. दोन्ही नलिकांच्या तोंडातून लघवीची बारीक पिचकारी थोड्या थोड्या वेळाने उडते, ती पडद्यावर रंगाच्या फवाऱ्यासारखी दिसते. एका बाजूचा फवारा उडतच नसेल किंवा मंद झिरपत असेल, तर वाट अडली आहे असे समजायचे. शिवाय खडबडीत खड्यावर रंग लुकलुकतात, त्यामुळे सावली न पडणारा बारीक खडाही कधी कधी ओळखू येतो. अर्थात या दोन्ही गोष्टी पाहायला पाच-दहा मिनिटे शांतपणे प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा यंत्राचा दांडा, धरून बसावे लागते, आणि बाहेर चाळीस माणसे लघवी धरून बसलेली असताना ती मिनिटे मिळत नाहीत. हे आमच्या धंद्याचे वैगुण्य आहे.

साध्या सीटीत मूत्रनलिकेतले ९५ टक्क्यांहून अधिक खडे सापडतात. पण खडा आहे की नाही एवढ्यासाठीच तो करायचा नसतो. खडा किती मिलिमीटरचा आहे, नेमका कुठे आहे आणि किती घट्ट आहे, या तीन गोष्टींवर पुढचे उपचार ठरतात. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात, दहाच्या पुढचे क्वचितच. घट्टपणाचा आकडा हाउन्सफील्ड एककात येतो. ज्या इंग्रज अभियंत्याच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र निघाले, त्याचे हे नाव, आणि १९७९ चे नोबेल त्याला ॲलन कॉरमॅक यांच्यासह मिळाले. साधारण ५०० च्या खालचा आकडा युरिक ॲसिडकडे बोट दाखवतो, हजाराच्या वरचा आकडा कॅल्शियमच्या कठीण खड्याकडे. कठीण खडा बाहेरून लहरी मारून फुटायला कुरकुर करतो.

किरणांची भीती निराधार नाही, पण ती मोजून बाळगावी. नेहमीच्या मात्रेच्या पोटाच्या सीटीत सुमारे १० मिलिसिव्हर्ट किरण मिळतात, तर खड्यासाठीच्या कमी मात्रेच्या सीटीत सुमारे ३ किंवा त्याहून कमी. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणून चिठ्ठीवर ‘खड्यासाठी, कमी मात्रेचा’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरोदर स्त्री किंवा लहान मूल असते तर मीच सोनोग्राफीवर भर द्या म्हणालो असतो. खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये केसपेपर काढून आधी चौकशी करावी.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. भावाला थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, किंवा त्याला मुळात एकच किडनी असल्याचे पूर्वी कळले असेल, तर सीटीची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा. अडलेल्या किडनीत पू झाला तर काही तासांत जिवावर बेतते.

जुळेसोलापूर

ताईंसाठी लिहिते. दोन वर्षांपूर्वी माझा नळ्यांचा फोटो झाला आहे.

आधी त्या भरण्या-रिकामी करण्याविषयी सांगते, कारण मीही तेव्हा चिडले होते. पोटावरून सोनोग्राफी करताना भरलेले मूत्राशय आतड्यांना वर ढकलते आणि त्याच्या पाण्यातून गर्भाशय आरपार दिसते, म्हणून लघवी भरून यायचे. त्यानंतर योनिमार्गातून बारीक प्रोब आत ठेवून जी सोनोग्राफी करतात, ती गर्भाशय आणि बीजांडकोश अगदी जवळून दाखवते. तिथे भरलेले मूत्राशय अवयवांना लांब सारते, म्हणून ते रिकामे करून यायचे. दोन्ही सूचना बरोबर होत्या, फक्त त्यामागचे कारण कोणी सांगितले नाही. अविवाहित मुलींची सोनोग्राफी सहसा पोटावरूनच करतात, हेही जाता जाता सांगते.

नळ्यांच्या फोटोला एचएसजी म्हणतात. त्यात औषध हाताच्या शिरेतून देत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी घालून औषध आत सोडतात आणि त्याच वेळी एक्स-रे घेतात. गर्भाशयाचा त्रिकोण भरतो, मग दोन्ही बाजूंना दोऱ्यासारख्या नळ्या उमटतात आणि त्यांच्या टोकांतून औषध पोटात सांडताना दिसले की वाट मोकळी आहे असे समजतात. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, रक्तस्राव थांबल्यावर, तो करतात, म्हणजे गर्भ नाही याची खात्री राहते. शेवटच्या पाळीची तारीख पुन्हा पुन्हा विचारतात, त्याचा राग मानू नका. अंगावरून दुर्गंधीयुक्त जात असेल किंवा ओटीपोटात दुखत असेल तर ते आधी सांगा, कारण संसर्ग असताना हा फोटो काढत नाहीत. मला डॉक्टरांनी तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायला सांगितली होती. औषध आत जाताना पाळीच्या वेळेसारखी जोराची कळ आली, ती दोन-तीन मिनिटांत ओसरली, आणि मी रिक्षाने घरी आले.

माझ्या फोटोत डावी नळी मुळाशीच बंद दिसली आणि मी आठवडाभर रडले. नंतर दुर्बिणीतून तपासल्यावर ती उघडी निघाली, कळ आल्यामुळे तिचे तोंड तेवढ्यापुरते आवळले होते. उलट आमच्या ओळखीच्या एकीच्या नळ्या मण्यांच्या माळेसारख्या दिसल्या आणि पुढील तपासणीत जननमार्गाचा क्षयरोग निघाला, जो तिला खोकला नसतानाही होता.

एक स्पष्टच विचारते : जावयांची वीर्यतपासणी झाली आहे का? ती एका सकाळचे काम असते, दुखत नाही आणि स्वस्त असते. तरीही आपल्याकडे बाईला आधी टेबलावर झोपवतात. आमच्या घरीही तेच झाले होते.

तात्या सोलापूरकर

मूळ प्रश्नाशी थोडे जोडून लिहितो. माझे वय ६८. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी झाली तेव्हा लघवी करण्यापूर्वी आणि नंतर अशी दोनदा पाहणी केली, कारण मूत्राशयात लघवी किती उरते हे पाहायचे असते. मी शहाणपणा करून घरून दोन लिटर पाणी पिऊन गेलो, तिथे दीड तास बसावे लागले, मूत्राशय इतके ताणले गेले की नंतर धड रिकामेच होईना आणि उरलेल्या लघवीचा आकडा १८० मिलिलिटर आला. आठ दिवसांनी बेताचे पाणी पिऊन गेलो तर तोच आकडा ४० आला. भावाला सांगा, पोट फुटेस्तोवर पिऊन जाऊ नकोस.

अशोकचौककर

सर्वांचे मनापासून आभार. भीमाकाठ यांचे उत्तर वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. ते काही वेळ गप्प राहिले आणि मग स्वतःच भावाबरोबर सीटीला गेले.

सहा मिलिमीटरचा खडा उजव्या मूत्रनलिकेत, रक्तवाहिन्या ओलांडतात त्याच जागी निघाला. घट्टपणाचा आकडा ४२० आला. डॉक्टर म्हणाले की हा बहुधा युरिक ॲसिडचा असावा, साध्या एक्स-रेत तो दिसला नसता. लघवीचा आम्लपणा कमी करणारे औषध सुरू केले आहे, रक्तातील युरिक ॲसिड तपासायला दिले आहे, आणि ताप आल्यास लगेच यायला बजावले आहे. लघवी जाळीतून गाळून खडा पडला तर तो जपून आणायला सांगितला आहे, म्हणून आईने चहाची जुनी गाळणी बाजूला काढून दिली आहे. मागाजवळ आता पाण्याचा माठ ठेवला आहे.

जुळेसोलापूर ताई, तुमचे लिहिणे बहिणीने दोनदा वाचले आणि फोन तसाच जावयांच्या हाती दिला. ते सोमवारी तपासणीला जात आहेत, तिचा फोटो त्यानंतर ठरवू.

भावाला दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावले आहे. खडा खाली सरकून मूत्राशयाच्या तोंडाशी आला असेल तर तो दिसावा, यासाठी लघवी किती भरून जावे?

भीमाकाठ

तासभर आधी तीन-चार पेले पाणी प्यावे आणि लघवीची साधारण भावना झाली की टेबलावर जावे. चिठ्ठीवर ‘उजवी मूत्रनलिका, खालचे टोक, डॉप्लरने फवारे पाहावेत’ असे लिहून आणा आणि सीटीची फिल्म सोबत ठेवा. सोनोग्राफी करणाऱ्याला कुठे पाहायचे हे आधी कळले, तर गर्दीतही तो तिथे थांबतो.