आत जाणारा मुळातच माजलेला असतो, की बराक त्याला माजवते?

पाटीपेन्सिल
काल इथे एका सदस्यांनी लिहिलं : "तुरुंगातल्या मारामाऱ्यांना तिथली परिस्थिती जबाबदार आहे म्हणणं म्हणजे निव्वळ लाड. आत जातात ते मुळातच हिंस्र असतात. त्यांना पंखा कमी आणि फटका जास्त हवा." खाली टाळ्यांचा पाऊस. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी चार वर्षं एका जिल्हा कारागृहात आठवड्यातून दोनदा साक्षरता वर्ग घ्यायला जात होते. वर्गात एक मुलगा होता. वय एकवीस, गुन्हा मोबाईल चोरीचा. पहिला महिनाभर माझ्याशी बोलताना मान वर करायचा नाही. नवा म्हणून त्याची पथारी संडासाच्या दाराशी. रात्री उठणारा प्रत्येक जण त्याच्या अंगावरून जायचा, ओल्या पायांनी परत यायचा. तिथली जागा दोनच प्रकारे सुटते : जुना कोणी सुटून गेला तर, किंवा कोणाला ढकलून पुढे सरकलं तर. पाचव्या महिन्यात तो वर्गाला आला तेव्हा उजव्या हाताची बोटं सुजलेली, पेन्सिल धरता येईना. "काय झालं रे?" म्हटलं, तर म्हणाला, "मॅडम, भिंतीकडची जागा मिळाली." त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

ही मारामारी तो घरून शिकून आला नव्हता.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची मंजूर क्षमता हजाराच्या आतली, आणि आत तीन हजारांच्या वर माणसं ठेवल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशभरात १०० जागांमागे १३१ कैदी, आणि चारातले तीन कच्चे, म्हणजे गुन्हा सिद्धच न झालेले. २०२४ च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या एका जन्मठेपेच्या कैद्याचा खून झाला. कारण काय, तर अंघोळीवरून वाद. हत्यार काय, तर गटाराचं लोखंडी झाकण. अंघोळीच्या पाण्यावरून माणूस मरतो, तेव्हा पाण्याचा आणि गर्दीचा हिशोब कोणी मागायचा की नाही?

रोखठोक_नाना
मॅडम, मोबाईलचोराचं उदाहरण सोयीचं निवडलंत. कळंब्यात मारणारे काही मोबाईलचोर नव्हते. आणि गर्दीचंच म्हणाल तर विरार लोकलमध्ये रोज याहून जास्त चेंगराचेंगरी असते. तिथे रोज खून पडतात का?

हप्ता दिला नाही म्हणून एकाने दुकानात घुसून माझ्या चुलतभावाच्या पोटात चाकू खुपसला. अजून त्याला जड उचलता येत नाही. तो चाकूवाला आत जायच्या आधी कुठल्या बराकीत राहत होता? आई-बाप, दोन खोल्यांचं घर, दारात गाडी, सगळं होतं. असली माणसं स्वभाव बरोबर घेऊनच आत जातात. तुम्ही चार वर्षं त्यांना बाराखडी शिकवलीत, चांगलं केलंत. आमच्या घरी साधी विचारपूस करायला कोणी आलं नाही.

थोरला_भाऊ
नाना, चुलतभावाचं वाचून वाईट वाटलं. पण लोकलची तुलना करू नका. लोकलमधून उतरता येतं.

माझा धाकटा भाऊ चौदा महिने कच्चा कैदी होता, मग निर्दोष सुटला. संध्याकाळी लवकर बंदी झाली, म्हणजे बराकीला कुलूप लागलं, की सकाळपर्यंत तीच माणसं, तोच घाम, तोच एक संडास. मुलाखतीला आम्ही जायचो. जाळीच्या अल्याड पंधरा-वीस कुटुंबं, पल्याड तितकेच कैदी, सगळे ओरडून बोलणार. आई इतकंच विचारायची, "जेवतोस का?" तेही त्याला ऐकू जायचं नाही. मग चिडून ओरडायचा, "मोठ्यानं बोल!" आयुष्यात आईवर आवाज चढवला नव्हता त्याने. आई एसटीत घरी येईपर्यंत रडायची.

सगळ्यात वाईट म्हणजे कोर्टाची तारीख. सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून तयार बसायचं आणि अकराला कळायचं, "आज गार्ड नाही." असं सलग चार वेळा झालं. चौथ्यांदा त्याने शेजारच्याच्या तोंडावर ताट मारलं. कारण काय, तर तो हसला. तुमचे जेलवाले जरा माणसासारखे वागले असते तर...

वर्दीतली_लेक
थांबा. "तुमचे जेलवाले" म्हणू नका. माझे वडील एकतीस वर्षं कारागृह शिपाई होते. कोर्टात नेणारा गार्ड जेलचा नसतो, तो पोलीस मुख्यालयातून येतो. जेलने मागणी पाठवायची आणि वाट बघायची. शिव्या मात्र गेटवरच्या शिपायाला. एका बराकीत शंभरावर माणसं आणि हातात शिट्टी-लाठी घेऊन एकटा शिपाई. देशभरात तुरुंगांतली जवळपास तीस टक्के पदं रिकामी आहेत, तो भार कोण उचलतं? माझ्या दहावीच्या निकालाला बाबा नव्हते. लग्नात हळदीला आले ते रात्रपाळी करून, डोळे लाल.

मुख्यालय_४१७
आता पोलिसांवर ढकला. ताई, गणपतीत सोळा-सोळा तास, मग नवरात्र, मग कुठली ना कुठली निवडणूक, मध्येच मंत्र्यांचा दौरा. वीस कैद्यांची मागणी येते आणि हातात माणसं असतात सहा. कैदी पळाला तर निलंबन आमचं. मग आम्ही कोणाला नेणार? ज्याची साक्ष आहे त्याला. बाकीच्यांची तारीख पुढे.

काळा_डगला
वकील म्हणून सांगतो, हे "बाकीचे" म्हणजेच माझे अशील. आणि आता तर गार्डची गरजच नाही म्हणतात, पडद्यावर हजेरी लावतात. आवाज येत नाही, चित्र थिजतं, दोन मिनिटांत पुढची तारीख. कैद्याला वकिलाच्या कानात दोन शब्द बोलायची एकच जागा होती, कोर्टाचा व्हरांडा. तीही गेली.

मुख्यालय_४१७
व्हरांड्यात काय बोलणं होतं ते आम्ही उभं राहून पाहतो, वकीलसाहेब. तंबाखूच्या पुड्या, मोबाईलवर बायकोशी बोलणं, आणि तुम्ही तिकडे तोंड फिरवता. पुढच्या तारखा तुम्हीच किती मागता तेही लिहा.

काळा_डगला
मागतो. आरोपपत्राची नक्कल अर्धवट मिळाली तर मागणारच. पण तारीख मागणारा मी संध्याकाळी घरी जातो आणि अशील बराकीत. ही बोच मलाही आहे, ती तुमच्याकडून ऐकायची गरज नाही.

पाटीपेन्सिल
दोघेही थांबाल का? तुम्ही भांडताय तोच माझा मुद्दा आहे. भावाने ताट मारलं ते यातूनच ना?

मानस_विद्यार्थी
स्टॅनफर्डचा १९७१ चा प्रयोग इथे कोणी कसा काढला नाही? खोट्या तुरुंगात २४ साधे विद्यार्थी, अर्धे कैदी, अर्धे पहारेकरी. पहारेकरी कैद्यांना इतके छळू लागले, की दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी गुंडाळावा लागला.

रोखठोक_नाना
त्यातल्या पहारेकऱ्यांना कडक वागायला आधीच सांगितलं होतं, हे केव्हाच बाहेर आलंय. अमेरिकेतल्या कॉलेजच्या तळघरावरून आम्हाला कळंबा समजावू नका.

माणदेशी
मग आटपाडीवरून समजावतो. आमच्याकडे स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानात सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत. खुनातले जन्मठेपवाले तिथे बायकापोरांसह राहतात, शेती करतात. लहानपणी आमच्या रानाला लागून त्यांची ज्वारी असायची. माझी आजी त्यांच्यातल्या एका बाईकडून ताक आणायची आणि तिचा नवरा कशात आत गेला होता ते सगळ्या गावाला माहीत होतं. कुलूप नाही, भिंत नाही. माणसं तीच, कलम तेच. बदललं काय? रात्री झोपायला स्वतःचं घर, सकाळी उठून करायला काम.

रोखठोक_नाना
चांगल्या वागणुकीचे निवडून तिथे पाठवतात. वेचलेले दाणे दाखवून सगळं पोतं चांगलं म्हणू नका.

माणदेशी
हे बरोबर आहे, निवडूनच पाठवतात. पण निवडलेल्यांतही खुनी आहेतच ना? तुमच्या हिशोबाने तर स्वभाव जातच नाही.

थोरला_भाऊ
आणि नाना, फक्त कैदीच बिघडतो असं नाही. २०१७ चं भायखळा महिला कारागृह आठवा. दोन अंडी आणि पाच पाव हिशोबात कमी पडले म्हणून एका कैदी बाईला मारहाण झाल्याचा आरोप झाला, ती मेली. कारागृहाच्या सहा कर्मचारी महिलांना अटक झाली. ती मेल्याच्या दुसऱ्या दिवशी आतल्या बायका छतावर चढल्या, तर दोनशेच्या आसपास जणींवर दंगलीचा गुन्हा. त्या सहा जणी काय स्वभाव घेऊन नोकरीला लागल्या होत्या?

वर्दीतली_लेक
हे लिहिलंत ते मला झोंबलं, आणि खोटंही म्हणता येत नाही. त्या दिवशी आमच्या क्वार्टर्समध्ये कोणी टीव्ही लावला नव्हता.

मघाशी मी हा धागा बाबांना वाचून दाखवला. नाना तुमचंही आणि मॅडम तुमचंही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काही जण जन्माचे वाह्यात असतात, त्यांच्यापुढे काही चालत नाही. पण ते शंभरात दहा. उरलेल्या नव्वदांचं आम्हाला आधी कळायचं." कसं, विचारलं. तर, "बंदी करायच्या आधी मी मुलाखतींची नोंद ठेवणारा रायटर गाठायचो. आज कोणाची मुलाखत यायची होती आणि आली नाही, कोणाची तारीख चुकली. त्याला त्या रात्री दारापाशी झोपवायचो, माझ्या नजरेसमोर. त्याच्याशी दोन शब्द बोलायचो. ज्या दिवशी बोलायला सवड झाली नाही, त्या दिवशी शिट्टी वाजवायची वेळ यायची."

रोखठोक_नाना
गर्दी कमी करा, गार्ड द्या, याला माझी हरकत नाही. हे तुमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून ऐकतो. पण चाकू खुपसणारा त्या दहातला होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

पाटीपेन्सिल
म्हणा. त्या एकाबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. माझा तो एकवीस वर्षांचा मुलगा उरलेल्या नव्वदातला होता.

काळा_डगला
त्याचं पुढे काय झालं, मॅडम? आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल आणि चोरीचंच कलम, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढल्यावर नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९ खाली जामिनाला पात्र ठरतो. अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकांनीच कोर्टात करायचा असतो. आणखी केस मात्र नको.

पाटीपेन्सिल
आणखी एक लागली होती. त्या भिंतीकडच्या जागेची.