मदत हवी आहे : एमआरआयमध्ये बदल, चाचणीत मात्र चांगले गुण, अर्थ कसा लावावा?

माझे वडील ७४ वर्षांचे, निवृत्त गणितशिक्षक असून त्यांना उच्च रक्तदाबाचा जुना त्रास आहे. अलीकडच्या एमआरआय अहवालात मेंदूच्या श्वेतद्रव्यात (मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या थरात) फझेकास श्रेणी २ चे (० ते ३ या मापावर मध्यम) बदल आणि एक जुना, लहान लॅक्युनर इन्फार्क्ट (बारीक रक्तवाहिनी बंद पडल्याने झालेली छोटी इजा) नोंदवला आहे. तरीही मोका या स्मरण, लक्ष, नियोजन तपासणाऱ्या छोट्या चाचणीत त्यांना ३० पैकी २८ गुण मिळाले. शिक्षण आणि बौद्धिक कामामुळे साठणारी राखीव क्षमता मेंदूची इजा काही काळ झाकून ठेवते, ही न्यूरोसायकॉलॉजिस्ट याकोव्ह स्टर्न यांनी मांडलेली संकल्पना मी वाचली आहे. मोका चाचणीत १२ वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण असल्यास एक गुण वाढवून देतात, उच्चशिक्षितांसाठी मात्र उलट दुरुस्ती नाही, त्यामुळे या २८ गुणांवर माझा फारसा विश्वास बसत नाही.

स्मरणशक्ती उत्तम आहे (जुन्या विद्यार्थ्यांची नावे आमच्यापेक्षा त्यांनाच पाठ), पण वेग मंदावला आहे. हिशोबाची वही जुळवताना मध्येच फोन आला, तर ते पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात. रक्तवाहिन्यांशी संबंधित इजेत प्रक्रियेचा वेग आणि नियोजनक्षमता आधी घटते, म्हणून चांगल्या गुणांमागे घसरण लपली असेल, ही शंका.

अल्झायमरमध्ये राखीव क्षमता अधिक असणाऱ्यांची घसरण उशिरा सुरू होऊन पुढे वेगाने होते, असे आढळले आहे. रक्तवाहिन्यांच्या इजेतही तसेच घडते का? ट्रेल मेकिंगसारख्या (आकडे व अक्षरे क्रमाने जोडायला लावून वेग मोजणाऱ्या) सविस्तर चाचण्या आताच कराव्यात की वर्षभराने तुलना करावी? न्यूरोलॉजी किंवा न्यूरोसायकॉलॉजीतील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. रक्तदाबावर उपचार सुरू आहेत.