‘उपलब्धता’ की ‘घावणं’?

भीमाकाठची: मच्छीमार सोसायटीच्या प्रशिक्षणासाठी एक टिपण मराठीत करतेय. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणातलं पाणी मृतसाठ्याच्याही खाली उतरलं, की मासा भीमेच्या जुन्या पात्रात गोळा होतो आणि तेवढ्याच जाळ्यांना जास्त माल येतो. धरणात मासा वाढलेला नसतो, हाती लागण्याजोगा झालेला असतो. याला मी ‘उपलब्धता’ लिहिलं. एक काका म्हणाले, “ताई, उपलब्ध म्हंजी शिल्लक व्हय?” साठ्यापासून वेगळा दाखवणारा शब्द हवाय.

पेठेतला मास्तर: ‘धार्यता’. धरण्याजोगं ते धार्य.

टेंभुर्णीकर: धार्य म्हणजे धारण करण्याजोगं. मासा काय कुंडल आहे? आमच्याकडं सकाळी एकच सवाल, “काय घावलं?” मरळ घावली, चिलापी घावंना. ‘घावणं’ लिहा की सरळ.

पेठेतला मास्तर: घाव म्हणजे जखम. छापील टिपणात बोली नको.

टेंभुर्णीकर: टिपण वाचणार कोण, तुम्ही का कोळी?

जुना मत्स्यवाला: भांडा खुशाल, पण यात दोन गोष्टी आहेत. जाळं पडतं तिथं मासा असणं ही एक, आणि त्या जाळ्यात अडकणं ही दुसरी. कटला वरच्या थरात, मृगळ तळाला. वर तरंगतं जाळं लावलं तर मृगळ असून नसल्यासारखा. शिवाय जाळ्याची आस, म्हणजे भोक, केवढी, तेही आलंच. हे न ओळखता नुसती आवक बघून साठा ठरवला की काय होतं, ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं बघा. उरलेला मासा एका जागी गोळा झालेला, ट्रॉलरना भरपूर मिळत राहिला, आणि 1992 मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. उजनीत बारीक आसाचं वडाप नको म्हणतात, कारण त्याला पिल्लंपण घावतात.

पेठेतला मास्तर: बघा, तुम्हीपण ‘घावतात’!

अकलूजची सून: वडाप म्हणजे जाळं?? मला जीपच माहीत. दहाच्या जागी अठरा कोंबणारी.

टेंभुर्णीकर: दोन्ही एकच. ओढणे, वढणे, वडाप. एक मासे ओढतं, एक पॅसेंजर.

अक्कलकोटी: कशाला ओढाताण? कन्नडात ‘ओडु’ म्हणजे पळ. जीप पळते, म्हणून वडाप.

टेंभुर्णीकर: आणि जाळं पळतं का?

भीमाकाठची: टिपण उद्या छापायला जातंय हो. शब्द?

अकलूजची सून: पण जीपला हे नाव साताऱ्याकडून आलं का आपल्याकडून तिकडं गेलं?