टाचेचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. आठ तास उभ्याचं काम पुन्हा कुणाला जमलंय का?

सिडकोची_ताई (27 जानेवारी)

नमस्कार. मी नाशिकच्या सिडकोत पवननगरला राहते, वय 41. अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात नऊ वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे, कंत्राटदाराकडून. काम सगळं उभ्याचं. टेबलावर क्रेट येतो, एकेक पार्ट उचलायचा, गेज लावून माप बघायचं, बर म्हणजे कडेला धातूची धार राहिलेली दिसली तर बाजूला, नाहीतर पुढच्या क्रेटमध्ये. पहिली शिफ्ट, सात ते साडेतीन, मध्ये अर्धा तास जेवण.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पोटमाळ्यावरचे डबे काढत होते. स्टूल सरकलं आणि मी सरळ उजव्या टाचेवर उतरले. उंची म्हणाल तर चार फूट, पण टाचेचं हाड फुटलं. सीटी स्कॅनमध्ये डॉक्टरांनी दाखवलं, उकडलेलं अंडं ओट्यावर आपटल्यावर कवचाला तडे जातात ना, अगदी तसं. ऑपरेशन मात्र लगेच केलं नाही. सूज एवढी होती की कातडी काचेसारखी चकाकत होती. डॉक्टर म्हणाले, आता चीर दिली तर जखम भरायची नाही, कातडीला सुरकुत्या पडू देत, मग बघू. दहा दिवस पाय उशांवर ठेवून पडून राहिले. रोज सकाळी उठलं की आमच्या ह्यांना विचारायचे, सुरकुती दिसते का हो? दिवाळी त्यातच गेली. मग प्लेट आणि सात स्क्रू बसवले.

टाके तीन आठवड्यांनी निघाले. आठ आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही असं सांगितलं होतं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तपासणीला जायचं तर एकेक पायरी बसून उतरायचे आणि बसूनच चढायचे. नंतर वजन टाकायला सांगितलं तेही हिशोबानं, पहिल्या आठवड्यात दहा किलो, मग वीस. शेजारच्या काकूंचा वजनकाटा आणला, वॉकर धरून त्यावर उजवा पाय ठेवायचे आणि काटा दहावर आला की थांबायचे. मला वाटायचं केवढं वजन टाकलंय, आणि काटा दाखवायचा सहा.

आता घरात विनाआधार चालते, बाहेर एक कुबडी. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले हाड छान जुळतंय. पण संध्याकाळी सुजेमुळे घोट्याचं हाड दिसेनासं होतं. पायाची बाहेरची कड बधिर आहे. सकाळची पहिली दहा-बारा पावलं भिंत धरून टाकावी लागतात, आणि या थंडीत तर प्लेट आतून ओढते की काय असं वाटतं.

परवा घरी सेफ्टी बूट घालून बघितला. माझाच बूट, दोन वर्षं वापरलेला. डावा गेला. उजवा अर्ध्यात अडकला. मुलीनं नाड्या पार काढून टाकल्या, जीभ ओढून धरली, तेव्हा कसाबसा गेला. उभी राहिले तर बुटाची मागची कड बरोबर टाक्यांच्या खुणेवर. दोन मिनिटांत काढला. आणि मग मला रडूच आलं. तीन महिन्यांत एवढी रडले नव्हते.

इएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे पैसे संक्रांतीला थांबले, 91 दिवस संपले. सुपरवायझरचा फोन येतो, "ताई, फिट सर्टिफिकेट घ्या आणि या, नाहीतर जागा भरावी लागेल." डॉक्टर म्हणतात कामावर जायला हरकत नाही, पण जपून. आता आठ तास उभं राहून जपायचं म्हणजे नेमकं काय, हे मला कळत नाही. ज्यांना असं ऑपरेशन झालंय आणि जे उभ्याच्या कामावर परत गेलेत, त्यांनी कृपया सांगा. किती महिन्यांनी गेलात? पहिल्या दिवशी काय झालं?

---

नाशिकरोडचा_वायरमन (27 जानेवारी)

ताई, माझी डावी टाच, चार वर्षांपूर्वी. शिडीवरून पडलो होतो. पॅनेल वायरिंगचं काम करतो, तेही उभ्याचंच.

मी केलेली चूक आधी सांगतो. साडेतीन महिन्यांनी "फिट" लिहून घेतलं आणि पहिल्याच दिवशी पूर्ण शिफ्ट केली. पैशाची ओढ होती, दुसरं काही नाही. दुपारी दोनपर्यंत काहीच वाटलं नाही. घरी येऊन मोजा काढला तर पोटरीपर्यंत पाय टम्म. दुसऱ्या दिवशीही गेलो. तिसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंतही जाता येईना. पुन्हा सतरा दिवस घरी, बिनपगारी. त्यानंतर मालकाशी बोललो आणि अर्धा दिवस असा सुरू केला. पूर्ण आठ तास जमायला सात महिने लागले.

सूज माझी वर्षभर होती. सपाट फरशीवर आज काही त्रास नाही. खडबडीत जमिनीवर मात्र पाय आत-बाहेर वळत नाही, गोदाघाटाच्या दगडांवर आजही जपून उतरतो. कड बधिर आहे म्हणता ती माझीही होती, हळूहळू कमी झाली, करंगळीपाशी थोडी उरली आहे.

बुटाचं असं आहे की जुना विसरा. एक नंबर मोठा आणि पंजाला रुंद घ्या. बोटांवरची टोपी स्टीलऐवजी कंपोझिटची मिळते, हलकी असते. बूट संध्याकाळी जाऊन घ्या, पाय सुजलेला असताना. सकाळी घेतलेला बूट दुपारी चावतो. मागच्या कडेला मऊ पॅडिंग आहे ना ते बोट घालून बघा.

---

फिजिओ_गंगापूररोड (28 जानेवारी)

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा पाय प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

टाचेचं हाड फुटतं तेव्हा त्याच्या वरचा सांधाही दुखावतो. पाऊल आत-बाहेर वळवणारा सांधा हाच. तो आखडतो, आणि दिवसभर उभं राहिल्यावर दुखणं येतं ते बहुतेक वेळा तिथून आणि अशक्त झालेल्या पोटरीतून. आठ आठवडे न वापरलेली पोटरी किती बारीक होते, दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. नुसतं हाड जुळलं म्हणून पाय आठ तासांना तयार झाला असं होत नाही.

घरीच शिफ्टची तालीम करा. ओट्याशी वीस मिनिटं सलग उभ्या राहा, भाजी निवडा, पोळ्या लाटा. मग दहा मिनिटं बसून पाय वर. असं दिवसातून चार वेळा. दर दोन-तीन दिवसांनी पाच-दहा मिनिटं वाढवा. कसोटी एकच धरा. संध्याकाळी सूज आली तर घाबरू नका, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती उतरली पाहिजे. उतरली नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून मागच्या पायरीवर या.

व्यायामात अंगठ्यानं हवेत अक्षरं काढा, अ पासून ज्ञ पर्यंत. जमिनीवर पंचा पसरून बोटांनी गोळा करा. ओटा धरून दोन्ही टाचा उचला, हळूहळू भार उजवीकडे न्या. टाक्यांच्या खुणेवर रोज पाच मिनिटं तेल लावून बोटानं गोल मालिश करा, कातडी खाली चिकटलेली सुटते आणि बूट कमी टोचतो. पाय वर ठेवायचा म्हणजे स्टुलावर नाही, आडवं पडून छातीपेक्षा उंच.

एक विचारते, राग मानू नका. मिश्री लावता का? आपल्याकडे पुष्कळ बायका लावतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतं.

आणि पोटरी एकाच जागी दुखून गरम, घट्ट लागली, किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखान्यात जा. रक्ताची गुठळी असू शकते. जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तरीही लगेच.

---

सातपूर_कामगार (28 जानेवारी)

ताई, वीस वर्षं युनियनचं काम करतोय, कागदपत्रांचं मी सांगतो.

घरी पडलात म्हणून तुम्हाला आजारपणाचा लाभ मिळाला, पगाराच्या 70 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. कामावर इजा झाली असती तर 90 टक्के मिळाले असते आणि 91 दिवसांची अटही नसती. पुढचा टप्पा आहे वाढीव आजारपणाच्या लाभाचा, 80 टक्के. तो 34 दीर्घ आजारांच्या यादीपुरता आणि दोन वर्षं सलग नोकरी असलेल्यांना. हाड न जुळणं किंवा उशिरा जुळणं त्या यादीत आहे. तुमचं बसतं का ते इएसआयचे डॉक्टर ठरवतील. सगळे एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जा आणि विचारून तरी या.

सर्टिफिकेटचं नीट ऐका. नुसतं "फिट" लिहून घेऊ नका. त्या एका शब्दावर तुम्हाला पहिल्या दिवशी आठ तास उभं करतील आणि तक्रार केलीत तर तोच कागद दाखवतील. डॉक्टरांना सांगा, तपशील लिहा. एका वेळी किती वेळ उभं राहायचं, किती वेळानं बसायचं, वजन किती उचलायचं, किती आठवड्यांसाठी. डॉक्टर लिहितात, फक्त त्यांना आपलं काम कसं आहे ते माहीत नसतं. मोबाइलवर तुमच्या टेबलाचा फोटो असेल तर दाखवा.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कंत्राटदाराला एक, कंपनीच्या एचआरला एक. इन्स्पेक्शन उंच स्टुलावर बसून होतं, ती मागणी काही अवाजवी नाही. आणि कुणीही काहीही सांगो, राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

---

सिडकोची_ताई (28 जानेवारी)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, सासूबाईंनीही ऐकलं.

फिजिओ ताई, राग कसला? मिश्री लावायचे, लग्नाआधीपासून. ऑपरेशनच्या वेळी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आजपासून बंद. डबी सासूबाईंनी स्वतः उचलून फेकली, आणि त्यांचीही बंद केली.

वायरमन दादा, तुम्ही सतरा दिवसांचं लिहिलंत म्हणून मी सोमवारी जायचं रद्द केलं. नाहीतर तेच करणार होते.

सातपूरचे भाऊ, टेबलाचा फोटो मैत्रिणीकडून मागवला आहे.

अजून एक. सासूबाईंनी वणीच्या गडावर नवस बोललाय, मी चालती झाले की चैत्रात पायऱ्यांनी दर्शनाला नेईन असा. त्यांचं मन मोडवत नाही. जमेल का?

---

फिजिओ_गंगापूररोड (29 जानेवारी)

या चैत्रात पायऱ्या नकोत. चढणं जमेल, त्रास होईल तो उतरताना. 2018 पासून गडावर ट्रॉली आहे, तिनं जा. सासूबाईंना सांगा, पायऱ्यांचा भाग पुढच्या वर्षी फेडू.

---

सिडकोची_ताई (16 मार्च)

कुणी माझ्यासारखंच शोधत इथे येईल, म्हणून पुढचं लिहून ठेवते.

डॉक्टरांनी फोटो बघितला आणि स्वतःहून म्हणाले, हे तर बसूनही होईल. त्यांनी लिहून दिलं, सहा आठवडे एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं नको, क्रेट उचलायचे नाहीत. मी तीन आठवडे घरी ओट्याशी तालीम केली. मुलगी घड्याळ लावायची. रात्री मी अंगठ्यानं हवेत अक्षर काढायचे आणि तिनं ओळखायचं. "क्ष" तिला शेवटपर्यंत ओळखता आला नाही, कारण माझा घोटा तेवढा वळतच नव्हता. आता ओळखते.

वाढीव लाभ मिळाला नाही, हाड वेळेत जुळलं म्हणून. तेवढा काळ ह्यांच्या पगारावर आणि भिशीवर काढला. कंत्राटदार आधी नाही म्हणाला. मग मी पोच घेतलेली प्रत दाखवली आणि एचआरच्या मॅडमना भेटले. त्यांनी टूल रूममधलं उंच स्टूल देववलं. 23 फेब्रुवारीला रुजू झाले. पहिले दोन आठवडे चार तास, पगारही तेवढाच. गेल्या सोमवारपासून सहा. क्रेट शेजारच्या टेबलावरची मुलगी ठेवते, बदल्यात मी तिचा रिपोर्ट लिहून देते.

बूट संध्याकाळी जाऊन घेतला, एक नंबर मोठा. लेडीजमध्ये रुंद मिळेना, शेवटी जेन्ट्समधला लहान बसला. त्यात टाचेखाली सिलिकॉनचं पॅड घालते.

दुखतं अजून. पाचव्या तासाला टाच जड होते, मग स्टुलावर बसून पाय दुसऱ्या क्रेटवर ठेवते. लंगडणं शुक्रवारी जास्त असतं आणि सोमवारी कमी. पण सकाळची ती भिंत धरून दहा पावलं आता तीनवर आली आहेत. मिश्री अजून बंद आहे, आमची दोघींचीही.

परवा घरी येऊन मोजा काढला तर कातडीवर मोज्याच्या विणीची खूण उमटली होती, आणि तिच्या वर घोट्याचं हाड. ह्यांना हाक मारून दाखवलं.

---

नाशिकरोडचा_वायरमन (16 मार्च)

ताई, वाचून फार बरं वाटलं. आठ तासांची घाई करू नका. गडावर जाऊन आलात की कळवा.