सहा वर्षं उभी असलेली मारुती ८००: पुढचं डावं चाक तापतंय

प्रश्न (पाथर्डी फाटा, नाशिक)
नमस्कार. बाबांची १९९८ची मारुती ८०० सहा वर्षं शेडमध्ये उभी होती, तीही हँडब्रेक ओढून. गेल्या महिन्यात बॅटरी-टायर नवे घातले. गाडी ढकलली तर मागची चाकं हलेनात. गिअरमध्ये टाकून जोर दिला तेव्हा खट्ट आवाज होऊन सुटली. गॅरेजवाल्याने ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑईलला देणारा भाग) बदलला, पाइपांत अडकलेली एअर काढली. पेडल आता कडक लागतं.

तरी पाच-सहा किलोमीटर गेलं की गाडी डावीकडे ओढते. काल अंबडपर्यंत जाऊन आले, तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववेना, करपल्याचा वास येत होता. उजवं चाक नुसतं कोमट. अर्धा तास थांबलं की डावं पुन्हा मोकळं फिरतं. गॅरेजवाला म्हणतो, "चालवत राहा, घासून बसेल." मला पटत नाही. बाबांना याच गाडीतून सप्तशृंगी गडावर जायचंय. गुडघ्यांमुळे ते फारसे बाहेर पडत नाहीत, पण या गाडीचं नाव काढलं की चेहरा खुलतो. गडावरून नांदुरीकडे घाट उतरताना ब्रेक लागले नाहीत तर? रात्री झोप लागत नाही.

उत्तर (सातपूर)
ताई, अशी चालवू नका. एकच चाक धरतंय आणि थंड झाल्यावर सुटतंय, म्हणजे एकतर कॅलिपरचा, म्हणजे चाकावर ब्रेक आवळणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजलाय, नाहीतर तिथवर ब्रेक ऑईल नेणारा रबरी होज आतून सुजलाय. होज बाहेरून धडधाकट दिसतो. पायाच्या जोराने ऑईल पुढे जातं, पण पाय काढल्यावर मागे यायला वाट राहत नाही.

सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या. ब्रेक दाबून सोडा. चाक जाम राहिलं तर कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल जरासं ढिलं करा. ऑईलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर प्रेशर अडकलेलं होतं. नाही सुटलं, तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना बघा. चिळकांडी उडाली तर निपल आवळून चाक परत जाम करा आणि होज जिथे लोखंडी पाइपला जुळतो तिथला नट ढिला करा. तिथे चाक सुटलं तर दोष वर मास्टरकडे. तसंच जाम राहिलं तर होज. काही झालं तरी शेवटी एअर काढावीच लागेल. ऑईल रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो.

उत्तर (नाशिकरोड)
त्या खट्ट आवाजाचं काय? मागचे ड्रम उघडले का? लायनर, म्हणजे ब्रेकच्या शूवरचा घासणारा थर, ड्रमला चिकटलेलं असताना जोर दिला की शूवरून उखडू शकतं. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

आणि जुनं ऑईल सगळं काढलंय ना, की वरच्या डबीत नुसती भर घातली? ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑईल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती हद्द १४० वर येते. घाटात ऑईल उकळून वाफ झाली की पेडल सरळ खाली जातं.

प्रश्नकर्ती
सातपूरच्या काकांनी सांगितलं तसंच केलं. निपल ढिलं करताच चाक सुटलं, वरचा नट ढिला करून मात्र जामच राहिलं. काढलेला होज कापून बघितला, आत उदबत्तीची काडीसुद्धा जाईना. दोन्ही बाजूंचे बदलले. मागे डाव्या शूचं लायनर एका टोकाला सुटलेलं निघालं, तेव्हा पोटात गोळा आला. मागचे शू, व्हील सिलिंडर नवे टाकले. जुनं ऑईल चहासारखं तांबडं होतं, चारही चाकांतून स्वच्छ येईपर्यंत काढलं. काल त्र्यंबक रोडने महिरावणीपर्यंत जाऊन आले. दोन्ही चाकं सारखीच कोमट, स्टिअरिंग सरळ. आता बाबांना नेऊ का?

उत्तर (सातपूर)
आधी एकट्या गडावर जाऊन या. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय धरून राहू नका. खाली नांदुरीत थांबून चारही चाकं बघा, डबीतलं ऑईल बघा. सगळं ठीक असेल तर पुढच्या रविवारी बाबांना घेऊन जा.