कानात पोटॅशियम आत शिरतं, आणि त्याचा हृदयाशीही संबंध आहे

एका चर्चेत कुणीतरी म्हटलंय की कानातल्या केसपेशींमध्येही (आवाज टिपणाऱ्या, टोकाला केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशींमध्ये) मज्जातंतूंसारखं सोडियम आत शिरून संदेश तयार होतो. इथे मात्र ते काम मुख्यतः पोटॅशियम करतं. केसपेशींचे सूक्ष्म तंतू ज्या द्रवात (एंडोलिंफमध्ये) असतात त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नगण्य. पेशींबाहेरच्या बाकी द्रवांच्या नेमकं उलट. शिवाय कॉक्लियात (आतल्या कानाच्या शंखासारख्या, ऐकण्याच्या भागात) त्या द्रवाचा विद्युतदाब सुमारे +८० मिलिव्होल्ट. आवाजाने तंतू कलले की त्यांची टोकं जोडणारे धागे ताणले जातात, टीएमसी१ प्रथिनाची वाहिनी (पेशीच्या आवरणातलं सूक्ष्म दार) उघडते आणि पोटॅशियम आत घुसतं. मधे कोणताही रासायनिक निरोप्या नाही, म्हणून हे मायक्रोसेकंदांत घडतं. विलक्षण आहे हे!

एंडोलिंफमध्ये पोटॅशियम सोडणारी केसीएनक्यू१ ही वाहिनी हृदयातही असते, प्रत्येक ठोक्यानंतर पेशी पूर्वस्थितीत आणायला. तिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर मूल जन्मतः बहिरं असतं आणि हृदयाची लय अचानक बिघडू शकते. येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी १९५७ साली नॉर्वेतल्या एका कुटुंबात हे नोंदवलं. म्हणून कळकळीने सांगतो, जन्मतः ऐकू न येणारं मूल धावताना किंवा दचकून बेशुद्ध पडत असेल तर फिट समजून थांबू नका, ईसीजी काढून घ्याच.