‘कस्टमर आयडी’तला कस्टमर कोण?

गूगल अ‍ॅड्सच्या एपीआयबद्दल (म्हणजे आपल्या प्रोग्रामला गूगलच्या जाहिरात-सेवेशी बोलू देणाऱ्या जोडणीबद्दल) मराठीत टिपण लिहितोय. ‘कस्टमर आयडी’ला सरळ ‘ग्राहक क्रमांक’ लिहून मोकळा झालो. पुढे ‘लॉगिन-कस्टमर-आयडी’ आला आणि गाडी अडली. हा ग्राहक कोण? जाहिरात देणारा, की ती बघून खरेदी करणारा?

— दोघंही नाहीत. इथे कस्टमर म्हणजे माणूस नव्हे, खातं. बँकेत एका ग्राहक क्रमांकाखाली चार खाती असू शकतात. इथे एकाच जाहिरातदाराची चार खाती असली तर कस्टमर आयडीही चार. म्हणून ‘खाते क्रमांक’ लिहा, ‘ग्राहक’ नको.

— ‘क्रमांक’ म्हणताना जरा जपून. पडद्यावर १२३-४५६-७८९० असा दहा अंकी दिसतो, एपीआयला मात्र मधल्या रेघा काढून द्यायचा. संगणकातल्या ३२ बिटी पूर्णांकाची धाव २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच, त्यामुळे बरेच खाते क्रमांक त्यात मावत नाहीत. त्यांची बेरीज-वजाबाकी तरी कोण करणार? आकडा नव्हे, मजकूर (स्ट्रिंग) म्हणूनच ठेवावेत.

— आणि फेसबुकवाल्या मेटाकडे जाहिरात खात्याच्या आकड्याआधी ‘अ‍ॅक्ट’ आणि अधोरेखा लावावी लागते. तो नुसता क्रमांक उरतच नाही. तिथे मी ‘खातेओळख’ म्हणतो. (‘अभिज्ञापक’ कोशात शोभतो, बोलताना जीभ अडखळते.)

ठीक. पण मग लॉगिन-कस्टमर-आयडी? लॉगिन करणाऱ्याचा ईमेल?

— छे! लॉगिनची ओळख टोकनमधून (विनंतीसोबत जाणाऱ्या डिजिटल ओळखपत्रातून) वेगळी पटते. हा असतो मॅनेजर खात्याचा, म्हणजे इतर खाती सांभाळणाऱ्या वरच्या खात्याचा क्रमांक. आपल्याला ज्या खात्यात काम करायचंय तिथे थेट प्रवेश नसेल, वरच्या मॅनेजर खात्यातून असेल, तर विनंतीच्या हेडरमध्ये (माथ्यावरच्या माहितीत) तो द्यायचा. विसरलात की ‘परवानगी नाही’ अशी त्रुटी येते आणि माणूस तासभर पासवर्ड तपासत बसतो. मी बसलोय. थेट प्रवेश असेल तर याची गरज नाही.

— म्हणजे पाकिटावर लिहितो ते ‘मार्फत’! पत्र कुणाला ते कस्टमर आयडी सांगतो, कुणाच्या मार्फत ते लॉगिन-कस्टमर-आयडी.

— वा! गूगल अ‍ॅड्सच्याच जुन्या अ‍ॅडवर्ड्स एपीआयमध्ये काम करायच्या खात्याला ‘क्लायंट-कस्टमर-आयडी’ म्हणत. तो एपीआय २०२२ मध्ये बंद झाला, पण ‘कस्टमर’ तेवढा मागे राहिला.

‘मार्फत खाते क्रमांक’ लिहितो. कंसात मूळ शब्द देवनागरीत ठेवीन, नाहीतर कोड लिहिणारा मलाच शोधत येईल.